तमाशा चालवतो कोण?

चैत्र लागला की महाळुंग्यातल्या भिंतींवर, विजेच्या खांबांवर आणि टपऱ्यांच्या पत्र्यांवर आसपासच्या गावांच्या जत्रांची पत्रकं चिकटू लागतात. वर ग्रामदैवताचं नाव, त्याखाली पालखी, छबिना, कुस्त्यांचा आखाडा, बैलगाडा शर्यत यांच्या वेळा आणि मग ठसठशीत अक्षरांत रात्रीच्या तमाशाचं नाव. फडमालकाचा फेटा बांधलेला फोटो, नर्तकींची ओळ, सोंगाड्याचा वाकडा चेहरा, गाण्याच्या साथीला अमुक, निवेदनाला तमुक, आणि तळाशी शुभेच्छुक म्हणून गावातले पुढारी, लेबर काँट्रॅक्टर, ट्रान्सपोर्टवाले. या गर्दीत ढोलकीवाल्याचं नाव शोधावं लागतं आणि बहुतेक वेळा ते सापडत नाही. या लेखाचं म्हणणं असं आहे, की पत्रकावर ज्याला जागा मिळत नाही तोच त्या रात्री तमाशा चालवतो. साथ करतो असं म्हणणं अपुरं आहे. खेळ कुठे लांबवायचा, कुठे आवरायचा, कुणाला सावरायचं आणि समोरच्या गर्दीला कधी मोकळं सोडायचं हे बहुतांशी ढोलकीवर ठरतं. हे म्हणणं अनेकांना अतिशयोक्तीचं वाटेल, म्हणून पुरावा कामातूनच काढायला हवा.

आधी जागा आणि प्रेक्षक. महाळुंगे इंगळे हे खेड तालुक्यातलं, चाकण-तळेगाव रस्त्यावरचं गाव. बजाज ऑटोचा कारखाना इथेच. पुढे चाकणच्या पट्ट्यात मर्सिडीज, फोक्सवॅगन, महिंद्र आले, त्यांना सुटे भाग पुरवणारे लहान-मोठे शेकडो कारखाने आले, आणि शेतात खोल्यांच्या चाळी उभ्या राहिल्या. जत्रेला जमणाऱ्या गर्दीत आता मूळचे गावकरी असतात, मराठवाड्या-विदर्भातून आलेली कंत्राटी पोरं असतात आणि उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातले कामगारही असतात. पुणे-नाशिक महामार्गाने वर गेलं की राजगुरुनगर, मंचर आणि मग नारायणगाव. तमाशाची पंढरी म्हणतात ती हीच. गुढीपाडव्याच्या सुमाराला तिथे फडांच्या राहुट्या पडतात, गावोगावचे कारभारी येतात आणि सुपाऱ्या ठरतात. दसऱ्याला बाहेर पडलेले फड वैशाख सरेपर्यंत हिंडतात, पण वर्षाची खरी कमाई या जत्रांच्या महिना-दीड महिन्यात होते. सुपारी ठरताना विचारतात काय? पोरी किती, लाइट-साऊंड कसा, वग कुठला, नवी गाणी आहेत का. ढोलकीला कोण आहे, हा प्रश्न एखाद्या जुन्या जाणत्यालाच सुचतो.

तमाशाला दिग्दर्शक नसतो. नाटकाच्या तालमी होतात, कुणी कुठून यायचं आणि दिवा कधी मंद करायचा ते वहीत लिहिलेलं असतं. वगाचं कथानक ठरलेलं असलं तरी संवाद पुष्कळदा रंगमंचावरच घडतात, आणि त्याआधीचा सगळा भाग त्या रात्रीच्या प्रेक्षकावर बेतलेला असतो. अशा खेळाला वेळेचं भान देणारं कुणीतरी लागतं. परंपरेने पाहिलं तर रंगमंचावर पहिलं पाऊल ढोलकीवाल्याचं आणि हलगीवाल्याचं. त्यांच्यामागून तुणतुणं आणि झांज येते, सुरते मागे उभे राहतात आणि गण सुरू होतो. गवळणीत मावशी आणि कृष्णाची झकापकी होते तेव्हा मावशीच्या प्रत्येक फटकाऱ्यानंतर हशाला किती वाव द्यायचा ते ढोलकी ठरवते. हशा भरात असताना ठेका धरला तर पुढचं वाक्य वाया जातं, आणि धरायला उशीर झाला तर रंग उतरतो. बतावणीत सोंगाड्याचा शब्द सुटतो आणि त्याच्या शेपटावर एकच थाप पडते. ती थाप अर्ध्या श्वासाने चुकली तर विनोद मेला. वगात राजा दरबारात येतो, दरोडेखोर रानात शिरतो, एखादी माउली हंबरडा फोडते, आणि दर वेळी लय बदलून प्रवेशाची चाहूल ढोलकीच देते. गण, गवळण, बतावणी, रंगबाजी, वग या पाचही अंगांत रंगमंचावरून न हलणारा माणूस हाच. बाकी सगळे येतात, जातात, कपडे बदलतात, चहा घेतात.

रंगबाजीत हे काम सगळ्यात जवळून दिसतं. नर्तकी येते ती पहिल्या एक-दोन आवर्तनांत फळ्यांचा अंदाज घेत. रंगमंच रातोरात उभारलेला असतो, एखादी फळी दबते, एखादी उडते. ढोलकीवाल्याची नजर या वेळी तिच्या चेहऱ्यावर नसते, टाचेवर असते. केरव्याच्या आठ मात्रा चालू आहेत. टाच फळीवर पडते त्याच क्षणी उजव्या हाताची चाट पडायला हवी. पायातल्या चाळाचा आवाज थापेच्या मागून ऐकू आला, तर लोकांना वाटतं बाई चुकली. चुकलेला असतो वाजवणारा. गिरकी घेताना तिचा तोल जरासा जरी गेला तरी समेवरची थाप पाव मात्रा मागे सरकते आणि गिरकी बरोबर समेवर आल्यासारखी दिसते. प्रेक्षकाला हे कळत नाही, आणि कळू नये म्हणूनच ते केलेलं असतं. मधेच कुणी नोट उंच धरतो. दौलतजादा आली की गाणं थांबतं, नाव पुकारलं जातं, देणाऱ्याच्या गावाचा उल्लेख होतो, मित्रमंडळी शिट्ट्या मारतात. एवढा वेळ ढोलकी बंद पडत नाही, नुसत्या बोटांवर येते, पुकाऱ्याच्या खाली खालीच वाजत राहते आणि पुकारा संपताच गाण्याला सोडलं होतं तिथेच पुन्हा उचलते. लावणी संपली, वन्स मोअरचा कल्ला झाला, की कधीकधी ढोलकीवाला पुढे सरसावून एकटाच तोडे वाजवू लागतो. लोकांना वाटतं गडी रंगात आला. रंगात तो असेलही, पण त्याच वेळी आत बाई घोटभर पाणी पीत असते आणि सुटलेला चाळ कुणीतरी आवळून देत असतं. चित्रपटातली लावणी तीन-चार मिनिटांत संपते, कारण ती आधी मोजून ध्वनिमुद्रित केलेली असते. फडातल्या लावणीला अशी लांबी नसते. ती किती चालणार हे बाईच्या दमावर, नोटांवर आणि गर्दीवर अवलंबून, आणि या तिन्हींचा हिशोब एकाच माणसाच्या हातात.

हातात जे वाद्य आहे तेही सरळ नाही. ढोलकीचं खोड अखंड लाकूड कोरून केलेलं, शिसवाचं असलं तर वजनाला भारी. उजवं तोंड लहान आणि त्यावर शाई, डावं त्याहून मोठं आणि त्याला आतून लेप. उजवीकडून टणक, टिपेचा आवाज निघतो, डावीकडून घुमारा. डावा तळवा कातड्यावर दाबत पुढे रेटला की घुमारा खालून वर चढत जातो. त्या घिश्श्यावर लावणीची अर्धी नजाकत उभी असते. पूर्वी दोरीत अडकवलेल्या कड्या सरकवून सूर चढवायचे. आता पुष्कळ ढोलक्या नट-बोल्टच्या झाल्यात, त्यामुळे ढोलकीच्या पिशवीत पाना असतोच. दिवसभर लाइनवर चाकाचे नट आवळून आलेल्या पोराला रंगमंचाच्या कडेला बसलेला ढोलकीवाला काय करतोय हे सांगावं लागत नाही. समोरासमोरचे नट आळीपाळीने फिरवायचे, एका बाजूला ताण पडू द्यायचा नाही, हा नियम दोन्हीकडे तोच. फरक एवढाच, की कंपनीत पुरे कधी ते टॉर्क रेंच सांगतो आणि इथे पेटीच्या पट्टीवर ठेवलेला कान. शिवाय एकदा आवळून भागत नाही. पौष-माघात दहिवर पडलं की कातडं सैल होऊन सूर उतरतो, वैशाखात कोरड्या वाऱ्याने चढतो, आणि गाणारी बदलली की पट्टीही बदलते. म्हणून जाणता ढोलकीवाला दोन-तीन ढोलक्या वेगवेगळ्या सुरांत लावून जवळ ठेवतो. हलगीवाल्याला ही सोय नाही. कड्यावर ताणलेलं कातडं तो पेटवलेल्या कागदावर नाहीतर पाचटावर शेकून घेतो, बोटाने टिचकी मारून पाहतो, पुन्हा शेकतो. जास्त शेकलं तर कातडं फाटतं, कमी शेकलं तर हलगी बोलत नाही.

लोकांच्या टाळ्या मात्र वेगळ्याच गोष्टीला पडतात. ढोलकी-हलगीची जुगलबंदी हा तमाशाचा हुकमी भाग आहे. दोघे समोरासमोर येतात, एकाने टाकलेला तुकडा दुसरा उलटून देतो, लय दुप्पट होते, चौपट होते, बोटं दिसेनाशी होतात आणि मैदान डोक्यावर घेतलं जातं. ही करामत खरी आहे, तिच्यामागे वर्षांचा रियाज आहे, आणि ती पाहून खुर्चीला खिळून राहणारा माणूस दगडच म्हणायला हवा. तरीही ढोलकीवाल्याची परीक्षा तिथे होत नाही, असं मला वाटतं. जुगलबंदीत दोघांनाही पुढे काय येणार ते साधारण माहीत असतं, कारण ते रोज एकत्र वाजवतात, आणि तिथे चुकलं तरी तिसऱ्या कुणाचं काही बिघडत नाही. परीक्षा आहे ती संथ लावणीत. संगीतबारीच्या बैठकीत बसून अदा करणारी गायिका एकाच ओळीचे चार अर्थ चार प्रकारे दाखवते आणि दोन मात्रांमधलं अंतर लांबतच जातं. यमुनाबाई वाईकरांनी हीच अदाकारी शंभरीपर्यंत जिवंत ठेवली; २०१२ साली त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ साली त्या गेल्या. अशा लयीत वाजवणाऱ्याला लपायला जागा नसते. भरणा करून रिकामी जागा झाकावी तर भाव मरतो आणि नुसतं थांबून राहावं तर लय पडते. ज्याला हे जमतं त्याला चौपट जमतंच. उलट मात्र होताना दिसत नाही.

आता खाली, गर्दीकडे. गेल्या काही वर्षांत जत्रेतला प्रेक्षक बसून राहत नाही. गाणं सुरू झालं की पुढच्या रांगांतली पोरं उठतात, टॉवेल आणि टोप्या हवेत फिरतात, कुणी कुणाच्या खांद्यावर चढतं. त्यांतल्या निम्म्यांना बतावणीतला शब्दांचा खेळ कळत नाही, कारण त्यांची भाषा वेगळी आहे. त्यांना कळतो तो ठेका. म्हणजे ढोलकीवाल्याचे नाचणारे आता दोन झाले, एक फळीवर आणि हजार मातीत, आणि दोघांची गरज सारखी नसते. खालच्यांना वेग हवा असतो, वरचीला दम. जगात इतरत्रही असंच दिसतं. अमेरिकेतल्या ग्रामीण संगीताचा नॅशव्हिलमधला प्रसिद्ध रेडिओ कार्यक्रम, ग्रँड ओल ऑप्री, ड्रम्सना बराच काळ नाक मुरडत होता. तिथे लोक बसून ऐकायला येत. त्याच काळात पश्चिमेकडे बॉब विल्सचा वाद्यवृंद नृत्यगृहांतून वाजवत फिरायचा आणि त्याने १९३५ सालीच स्मोकी डेकस नावाचा ड्रमर नेमला. कारण साधं होतं, त्याच्यासमोरचे लोक नाचायला येत. ऐकणाऱ्यासाठी ताल ही शोभा असते, नाचणाऱ्याला तो पायाखाली लागतो. महाळुंग्याच्या पट्ट्यातला प्रेक्षक ऐकणाऱ्याकडून नाचणाऱ्याकडे सरकला असेल, तर ढोलकीवाल्याचं वजन कमी व्हायच्या ऐवजी वाढायला हवं होतं. तसं झालेलं नाही, आणि त्याची कारणं आक्षेपांतच सापडतात.

पहिला आक्षेप फडातलाच. तमाशा चालवतो तो फडमालक किंवा सोंगाड्या. ढोलकीवाला त्यांच्या इशाऱ्यावर वाजवतो. ओळखीच्या फडांची नावं आठवून पाहिली तर या म्हणण्याला बळ मिळतं. तुकाराम खेडकर, दत्ता महाडिक पुणेकर, चंद्रकांत ढवळपुरीकर, काळू-बाळू कवलापूरकर, मंगला बनसोडे, रघुवीर खेडकर: हे नट आहेत, गायक आहेत, सोंगाडे आहेत, नर्तकी आहेत. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकरांना १९५७ आणि १९९० अशी दोनदा राष्ट्रपती पदकं मिळाली आणि राज्य सरकार आज त्यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार देतं. ढोलकीवाल्याच्या नावावर उभा राहिलेला मोठा फड सहजी आठवत नाही. लाला गंगावण्यांसारखं नाव लोकांना माहीत झालं तेही चित्रपटांमुळे. हे सगळं मान्य. पण मालकी आणि चालवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मालक सुपारी घेतो, ट्रक आणतो, पगार देतो, पोलीस ठाण्यात जाऊन बसतो. खेळ सुरू झाल्यावर त्याच्या हातात फारसं काही उरत नाही. सोंगाड्याचं वर्चस्व खरं, पण तो बतावणीत आणि वगात असतो. तो रंगमंचावर नसताना काय? आणि इशारा कोण कुणाला देतो हेही नीट पाहायला हवं. नर्तकी मान वळवून इशारा देते हे दिसतं. त्याआधी दोन मात्रा ढोलकीवाल्याने तोडा आखडता घेऊन तिला आता आवर म्हणून सांगितलेलं असतं, ते दिसत नाही.

दुसरा आक्षेप जास्त तगडा आहे. ऑक्टोपॅड आला, कीबोर्डमध्ये तयार ठेके आले, रेकॉर्डेड गाण्यांवरचे डान्स शो आले आणि डीजे आला. गर्दी तेवढीच जमते, किंबहुना जास्त जमते. मग ढोलकीवाल्यावाचून अडलं कुठे? शिवाय चांगला डीजेही गर्दी वाचतो, हवी तेव्हा लय वाढवतो, एकच तुकडा फिरवत ठेवतो. हे खोटं नाही, आणि डीजेला निव्वळ गोंगाट म्हणून निकालात काढणारे लोक बहुधा कधी त्याच्यासमोर नाचलेले नसतात. ऑक्टोपॅडही पुष्कळ फडांत ढोलकीच्या शेजारीच वाजतो आणि दोघांचं बरं चालतं. अडतं ते दोन ठिकाणी. रेकॉर्डेड गाण्यावर नाचणाऱ्या बाईला गाण्याच्या मागे धावावं लागतं. पाय घसरला, दम लागला, खालून कुणी बाटली फेकली, तरी ट्रॅक तिच्यासाठी पाव मात्राही थांबत नाही. मग नाच आपोआप सोपा होत जातो, कारण ज्याला सावरणारं कुणी नाही तो अवघड गिरकी घेत नाही. अशा शोमध्ये पायाचं काम कमी आणि बाकीच्या हावभावांचं जास्त दिसतं, त्याचा दोष सगळेजण बाईला देतात. ट्रॅककडे कुणी बोट दाखवत नाही. दुसरं असं, की यंत्र दमत नाही. ढोलकीवाल्याचे खांदे भरून येतात, बोटांच्या पेरांना चिरा पडतात, म्हणून तो गर्दीला चढवतो तसा उतरवतोही. वेगवान गाण्यानंतर एखादी संथ गवळण किंवा पोवाड्याची चाल येते, पोरं खाली बसतात, पाणी पितात, भांडणाच्या बेतात आलेले दोघे वेगळे होतात. डीजेलाही गर्दी उतरवता येते. पण न उतरवण्याची किंमत त्याच्या अंगावर येत नाही.

तिसरा आक्षेप सगळ्यात गंभीर, आणि तो कानाआड करून ढोलकीचं कौतुक करणं हा शुद्ध भाबडेपणा होईल. तमाशा उभा राहिला तो मुख्यतः महार, मांग, कोल्हाटी समाजांतल्या कलावंतांच्या जिवावर. पठ्ठे बापूरावांसारखा रेठऱ्याचा कुलकर्णी फडात आला तो अपवाद म्हणूनच गाजला. हलगी वाजवणं ही गावगाड्यात कला मानली जात नव्हती. मिरवणुकीत, लग्नात, मर्तिकात वाजवायचं हे काम जातीवर लादलेलं होतं. डॉ. आंबेडकरांच्या चळवळीने ही गावकीची हलकी कामं टाकून द्यायला सांगितलं ते याचसाठी, आणि कनिष्ठ गावकामगार वतनं १९५८ च्या कायद्याने संपली तेव्हा त्या सक्तीचा एक मोठा आधार गेला. मग ज्या कामातून माणसं सुटली त्याचेच गोडवे पुन्हा का गायचे? माझं उत्तर असं, की जातीने लादलेल्या कामाला कसब मानायचं नाही ही त्याच व्यवस्थेची चलाखी होती. रक्तातच आहे, उपजत आहे, असं म्हटलं की शिकवणीचा, रियाजाचा आणि मोबदल्याचा प्रश्नच उरत नाही. आजही एखाद्या ढोलकीवाल्याचं कौतुक करताना लोक याच शब्दांत करतात, आणि ते ऐकायला गोड वाटलं तरी त्याच्या मजुरीच्या विरोधात जातं. ढोलकीवाला पाहून ठरवतो, मोजून वाजवतो, चार जणांच्या चुका आपल्या अंगावर घेतो, हे काम शिकून येतं आणि त्याचे दाम वेगळे द्यायला हवेत, असं म्हणणं हे त्या जुन्या समजुतीच्या उलट टोकाचं आहे. फडाचा व्यवहार मात्र जुन्याच वळणावर आहे. मोसमाच्या तोंडावर मालकाकडून उचल घ्यायची आणि सात महिने वाजवून फेडायची. मालकही सावकाराकडूनच आणतो, त्यामुळे त्याला एकट्याला दोषी धरून भागत नाही. २०२० साली ऐन चैत्राच्या तोंडावर टाळेबंदी आली, जत्रा बंद झाल्या, पुढच्या वर्षीही तेच झालं. पुष्कळांची उचल अंगावर राहिली आणि कामाचा मोसम हातचा गेला.

महाळुंग्याच्या परिसरात या सगळ्यावर आणखी एक ताण आहे, तो घड्याळाचा. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक लावता येत नाही. राज्य सरकार वर्षातले फार तर १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं. हा नियम चुकीचा आहे असं म्हणता येणार नाही. सकाळच्या पहिल्या पाळीला जाणाऱ्या माणसाच्या खोलीपासून तमाशाचं मैदान हाकेच्या अंतरावर असतं. पण तमाशा ही रात्रभराची कला आहे, आणि जत्रा तिथीवर येते, कारखान्याच्या सुट्टीवर नाही. दुसरी पाळी रात्री अकराच्या पुढेमागे सुटते तेव्हा गणवेशातलीच एक नवी लाट मैदानात येते. तिला गण-गवळण मिळालेली नसते आणि पोलिसांची गाडी मात्र कोपऱ्यावर येऊन उभी असते. वगातले दोन प्रवेश गाळायचे कोणते, चार गाण्यांची दोन करायची कशी, उशिरा आलेल्यांना काहीतरी मिळालं असं वाटायला शेवट कसा उंचावर न्यायचा, हे तालमीत ठरवायला वेळ नसतो. मालक रंगमंचाच्या कडेला येऊन हाताने आवरण्याची खूण करतो. पुढचं जमवतो ढोलकीवाला. गाण्याचं एक कडवं वगळून धृपदावर येतो, संवादाच्या मधल्या ठेक्याला फाटा देतो, आणि तरीही शेवटची तिहाई पुरी वाजवतो, कारण ती अर्धवट राहिली तर लोक उठत नाहीत, ओरडत राहतात. दुसऱ्या दिवशी सकाळी आखाड्याआधी हजेरीचा खेळ असतो तिथे रात्री राहिलेला वगाचा भाग काही गावं पुरा करून घेतात. तेव्हा ढोलकीवाल्याची जेमतेम तीन-चार तास झोप झालेली असते, तीही ट्रकमध्ये.

म्हणून जत्रा कमिट्यांना एक सांगणं आहे, आणि त्यात संस्कृती वाचवण्याची हाक वगैरे काही नाही. सुपारी ठरवायला नारायणगावला जाल तेव्हा पोरी किती आणि साऊंड किती वॉटचा हे विचारा, त्याला हरकत नाही. त्याच बैठकीत ढोलकीला आणि हलगीला कोण आहे, खेळ त्यांच्या साथीने होणार की पेनड्राइव्हवर, हेही विचारा आणि लिहून घ्या. दौलतजादा पुकारताना ढोलकी-हलगीचा वाटा वेगळा ठेवायला फडाला सांगा. पैसे तुमच्या गावचे आहेत, तुमचं ऐकतील. पत्रक छापायला टाकाल तेव्हा शुभेच्छुकांच्या यादीतली दोन नावं कमी करा आणि त्या जागी या दोघांची नावं घाला.